दंड, टी-शर्ट आणि मुलींची वही

सोलापुरात खो-खोच्या मुलींचं वेट ट्रेनिंग मी बघतो. मी समोर उभा आहे म्हणून नव्हे, स्वतःला हवं म्हणून त्यांनी बार उचलावा, एवढंच मला हवं होतं. तंत्र शिकवणं, वेळापत्रक बसवणं सुरळीत झालं. घोडं अडलं हजेरीच्या तक्त्यावर.

संस्थेच्या कार्यालयाचा छापील तक्ता. गैरहजर राहिली की दंड, महिना भरला की टी-शर्ट. मुली सही करायच्या, दोन सेट उरकायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. टी-शर्ट मिळाला की पुढच्या महिन्यात निम्म्या गायब. मुळात गोडी असलेल्या कामाला पैसे लावले, की पैसे थांबल्यावर गोडीही उतरते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 साली कोड्यांच्या प्रयोगात दाखवलंय.

म्हणून अर्ज केला: दंड-बक्षीस बंद, प्रत्येकीला स्वतःची वही. उत्तर आलं, "लेटरहेडवर द्या." संस्थेच्याच कार्यालयाला संस्थेचं लेटरहेड! मग गड्डा यात्रा आली, कुणी जागेवर सापडेना. मग फाईल हिशेब विभागात, कारण टी-शर्टांची तरतूद झालेली. "सर, तरतूद खर्चली नाही तर पुढच्या वर्षी कापतात," क्लार्कने चहा पाजून समजावलं. त्याचं खोटं नव्हतं, म्हणून डोकं जास्तच फिरलं. एप्रिल उजाडला, पत्र्याखाली दुपारी बारला हात लावायची सोय राहिली नाही, फाईल तिथेच. शेवटी मीच सुचवलं, टी-शर्ट सगळ्यांना हंगामाच्या सुरुवातीलाच द्या, संघाचा पोशाख म्हणून. पैसेही खर्च, अटही गेली. लगेच सही! दंडाचा रकाना छापील, तो राहिलाच. त्यात आम्ही आडवी रेघ मारतो.

वहीत वजन, रेप्स (एका सेटमध्ये किती वेळा उचललं) आणि 'अजून किती निघाले असते' एवढंच. शेवटचा आकडा मुलीनेच लिहायचा. लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) करायचा की स्टेप-अप (ठोकळ्यावर चढणं-उतरणं), हेही तिनेच ठरवायचं. पण पर्याय दोनच ठेवा, दहा दिलेत तर नुसत्या गप्पा होतात. एके दिवशी एक मुलगी वही घेऊन आली. "सर, तीन शिल्लक होते. वजन वाढवू का?" म्हटलं, तूच सांग. तिने बारकडे बघितलं, "वाढवते" म्हणाली आणि गेली. मी दिवसभर खुशीत होतो.

सरकारी नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण मनात धरून येणाऱ्यांना हिणवू नका. घरून परवानगी बहुतेकदा त्याच नावावर मिळते.

आणि सव्वा किलोच्या प्लेटा आधी घ्या. पाचाच्याच असल्या तर बारच्या दोन्ही टोकांना एकेक लावावी लागते, म्हणून पुढची उडी थेट 10 किलोची पडते, आणि नवखी मुलगी वहीत आठवडेच्या आठवडे तोच आकडा लिहून कंटाळते.