डोळ्याखाली बोट

दिवाळीच्या सुट्ट्या लागलेल्या, कापसाची वेचणी ऐन भरात, त्यामुळे दवाखान्यात गर्दी नव्हती. केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला आमचा हा जनावरांचा दवाखाना. इथे येणार गाई, बैल, बकऱ्या. कुत्र्यासाठी बंडी जुंपून कोणी येत नाही. हा म्हातारा आला होता. सोबत सून आणि बारा-तेरा वर्षांचा नातू. बंडीत पोत्यावर पांढरंशुभ्र कुत्रं, एक डोळा निळा, आणि मागची मांडी रानडुकराच्या सुळ्यानं वीतभर फाटलेली.

"लय माजलं हे, डॉक्टरसाहेब," म्हाताऱ्याने खाली उतरायच्या आधीच सुरुवात केली. "रातच्याले डुकरं शिरले तुरीत. मी मचानावरून बोंबलून राहिलो, मोत्या मांगं ये, मांगं ये. यानं पलटून पाह्यलं नाही. गेलं सरळ अंगावर!"

टाके घालायचे होते. झायलाझिन हे गुंगीचं औषध देता आलं असतं तर काम सोपं होतं, पण सकाळीच त्याला दुधात भाकर कुस्करून पोटभर खाऊ घातलेली. त्या औषधाने कुत्र्याला उलटी होते, आणि तोंड बांधलेलं असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतते. म्हणजे जखमेभोवती बधिर करणारं लिग्नोकेन टोचायचं आणि धरून काम उरकायचं. परिचराने मागून मानेला हात लावला मात्र, मोत्या असा दचकून वळला की परिचराचं मनगट थोडक्यात वाचलं. दुखरं जनावर चावतं, त्यात नवल नाही. पण हात लागेपर्यंत मागे माणूस आहे याचा त्याला पत्ताच नव्हता.

पांढरा रंग, निळा डोळा. मला शंका आली. त्याच्या मागे, वारा लागणार नाही इतक्या अंतरावर उभा राहून मी ट्रेवर फोर्सेप्स, म्हणजे चिमटा, आपटला. बाहेर बांधलेली गाय बिचकली, मोत्याचा कानही हलला नाही. मग फरशीवर पाय आपटला. हादरा बसताच त्याने वळून पाहिलं. एखाद्या कानाने थोडंफार येतं का हे ठरवायला मेंदूची प्रतिक्रिया टिपणारी चाचणी लागते, ती आमच्याकडे कुठली! पण जे कळायचं ते कळलं होतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही असतात. तिथे त्या नसल्या की पिल्लू काही आठवड्यांचं होईतो ऐकण्याच्या पेशी मरून जातात. डाल्मेशियन जातीत हे जगभर आढळतं, आपल्या पांढऱ्या गावठी कुत्र्यांनाही ते चुकत नाही.

"आबाजी, हे माजलेलं नाही. बहिरं आहे."

म्हातारा गप्प झाला. सुनेने मुलाकडे पाहून हातानेच काहीतरी विचारलं. त्याने कानाशी बोट नेऊन हात झटकला आणि खांदे उडवले.

"त्याले माहीत होतं म्हणते," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून."

पोरगा स्वतः जन्मापासून बहिरा. निवासी शाळेत शिकतो, सुट्टीला घरी येतो. घरात त्याच्याशी हाताने बोलते ती एकटी आई, तेही जेव, झोप, चल एवढंच. कुत्र्याचं त्याने कधीच ओळखलं होतं. सांगणार कोणाला? आणि विचारलं कोणी?

मग तोच पुढे आला. फरशीवर टाच आपटली, मोत्याने पाहिलं. पोराने आपल्या डोळ्याखाली बोट टेकवलं. ते मोत्याचं नाव, निळ्या डोळ्यावरून ठेवलेलं. मग तळवा सपाट करून हळूहळू खाली नेला. कुत्रं टेबलावर आडवं झालं आणि हनुवटी टेकवून त्या हाताकडे बघत राहिलं. सुई टोचली की अंगभर शिरशिरी यायची, तेवढ्यात पोराचा तळवा किंचित दाबल्यासारखा खाली जायचा. शिरशिरी ओसरली की अंगठा वर: शाबास. मध्येच त्याने मला खुणावलं, तोंडाची पट्टी सोडा. मी सोडली नाही. त्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. टाके मात्र इतक्या शांतपणे मी बैलालाही कधी घातले नसतील.

रेबीजची लस मोत्याला कधी दिलेली नव्हती, ती सुरू केली. कार्ड लिहीत होतो तर म्हातारा म्हणाला, "बहिरं कुत्रं जागलीले का कामाचं? अन् पोट्टा चालला शाळेत."

नाक तर शाबूत होतं. डुकरांचा वास त्याला म्हाताऱ्याच्या आधी आला होता म्हणूनच ते धावलं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर दोन वाडगी ठेवून एकाकडे बोट दाखवलं होतं. 2020 साली ते छापून आलं. निम्मी कुत्री भीतीने जवळ आली नाहीत. जी आली, त्यातली सुमारे 80 टक्के दाखवलेल्या वाडग्याकडे गेली, कोणी काही शिकवलेलं नसताना. गावठी कुत्रं हात वाचतंच. शिकवावं लागतं ते माणसाला, हात दर वेळी तसाच ठेवायला.

तशी शिकवणी आमच्या व्हरांड्यात लागली. म्हाताऱ्याने "ये" म्हणून काठीसकट अख्खा हात हलवला, मोत्या अंग चोरून मागे सरला. नातवाने काठी काढून घेतली आणि भिंतीला टेकवली. आजोबाची जाड, वाकडी बोटं एकेक करून मिटवली, तळवा सरळ केला, पुन्हा करायला लावलं. म्हाताऱ्याचं "थांब" आणि "शाबास" सारखंच दिसत होतं, पोरगा ते चालवून घेईना. मीही थोडी भर घातली: रात्री टॉर्च जमिनीवर एकदा चमकवली की "ये", आणि आलं की दर वेळी भाकरीचा तुकडा. झोपेत पाठीला हात लावायचा नाही, नाकाजवळ जमीन थोपटायची. डांबरी रस्त्याकडे कधीच मोकळं सोडायचं नाही.

नातवासाठी इतक्या वर्षांत त्या घरात जे कोणी शिकलं नाही, ते कुत्र्यासाठी एका दुपारी सुरू झालं होतं. मला राग यावा की बरं वाटावं, कळेना.

"मोत्याचं नाव हे," म्हाताऱ्याने डोळ्याखाली बोट लावलं. "मंग माहं का ठेवलं यानं?"

सुनेने विचारलं. पोराने तोंडापुढे मूठ धरून फटाफट उघडली, मिटली. सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. सांगेना काही. सांगायची गरजही नव्हती. म्हातारा स्वतःच म्हणाला, "बोंबल्या?"

टाके काढायला एकटा म्हाताराच मोत्याला घेऊन आला, पोरगा शाळेत गेला होता. टाच आपटली, डोळ्याखाली बोट, तळवा सपाट, अगदी नातवासारखा सावकाश खाली. मोत्या आडवा झाला. सोबत तोंडाने "थांब बे, थांब, हलू नको" चालूच.

"आबाजी, त्याले ऐकू नाही येत ना," परिचर म्हणाला.

"माहीत हाय मले. तू टाके काढ."