रांगेत उभ्या उभ्या

आज दिवसभर एका भल्यामोठ्या थीम पार्कमध्ये होते. पायांचे तुकडे पडलेत. एका राइडसाठी पाऊण तास रांग, राइड जेमतेम तीन मिनिटांची! त्या पाऊण तासात मी अख्खं पार्क मनातल्या मनात पाडून पुन्हा बांधलं.

आधी रांगच काढून टाकली. १९९९ साली डिस्नेने फास्टपास आणला त्यामागची कल्पना साधी होती: वेळेची चिठ्ठी घ्या, तोवर भटका, मग या. पण भटकणारी माणसंही कुठेतरी मावायला हवीत ना? म्हणून माझ्या पार्कात पहिल्यांदा सावली, प्यायचं पाणी आणि बाकं. भरपूर बाकं. सासूबाई आज तासभर दगडी कठड्यावर बसून होत्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मग कचऱ्याच्या ढकलगाड्या गर्दीतून हटवल्या. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंग्डम पार्कमध्ये १९७१ पासून कर्मचाऱ्यांसाठी बोगदे आहेत. गंमत म्हणजे ते खणलेलेच नाहीत! तिथे भूजल फार वर, म्हणून बोगदे जमिनीवर बांधले, शेजारचं तळं खोदून निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि त्यावर पार्क उभं केलं. पाहुणे फिरतात तो खरं तर वरचा मजला. भर गर्दीत कचऱ्याची गाडी टाचेवर आली तेव्हा मला हे बोगदे फार आठवले.

हॉटेलपासून गेटपर्यंत रोपवे. बस नकोच.

नवी राइड मात्र एकही सुचली नाही. नंबर आला तेव्हा लेक म्हणाली, "आई, मघापासून बोटांवर काय मोजतेयस?"

"बाकं."