कशावरून?

गेल्या ऑगस्टमध्ये लेक सहावीत गेली, तेव्हा तिच्या इतिहासाच्या तासाकडून मी काही फार अपेक्षा ठेवली नव्हती. कॅलिफोर्नियात सहावीचं अख्खं वर्ष प्राचीन संस्कृतींसाठी असतं. आदिमानवापासून सुरुवात होते, मग मेसोपोटेमिया, इजिप्त आणि कुश, प्राचीन हिब्रू लोक, ग्रीस, भारत, चीन, आणि शेवटी रोम. मला वाटलं, सनावळ्या पाठ करायच्या नि गाळलेल्या जागा भरायच्या. मी तशीच तर शिकले. पण बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की भूतकाळाबद्दल काहीही म्हणा, फक्त ते कशावरून म्हणताय तेही सांगा. तेव्हापासून घरात मी काही बोलले की समोरून प्रश्न ठरलेला: "आई, कशावरून?"

मेसोपोटेमियाच्या वेळी तिने मातीची पाटी केली. ओल्या मातीवर आइस्क्रीमच्या काडीचं टोक दाबून पाचराच्या आकाराच्या खुणा उमटवल्या. उरुक या तिथल्या जुन्या शहरात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या पाट्यांवर बहुतेक हिशेबच आहेत. जव किती आला, मेंढ्या किती, कुणाला किती शिधा दिला. लिहिण्याची सुरुवात वाण्याच्या वहीसारख्या नोंदींनी झाली, हे मला चाळिशीत लेकीकडून कळलं आणि मनापासून आवडलं. राजेलोक पाटीवर आले ते पुष्कळ नंतर.

इजिप्तच्या वेळी सफरचंदाची ममी केली. अर्धं सफरचंद मीठ आणि खायच्या सोड्याच्या मिश्रणात पुरून आमच्या ओट्यावर आठवडाभर ठेवलं होतं. इजिप्तचे लोक यासाठी नेट्रॉन नावाचा खार वापरत आणि त्यात हा सोडा असतोच. देह त्या खारात सुमारे ४० दिवस ठेवायचे, सगळा विधी पुरा व्हायला ७० दिवस लागत. आठव्या दिवशी तिने सफरचंद बाहेर काढलं. आक्रसलेलं, तपकिरी, चिवट झालं होतं, पण कुजलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर आंबोशी!" कैरीच्या फोडींना मीठ लावून वाळवण्यात माझ्या आईचा जन्म गेला. मीठ पाणी ओढून घेतं आणि पाणी गेलं की कुजणं थांबतं, हे तिला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. लेकीने वहीत सफरचंदाशेजारी आंबोशीचं चित्र काढलं.

फेब्रुवारीत भारत आला. खरं सांगते, मला धास्ती होती. इथल्या सहावीच्या पुस्तकांत भारताबद्दल काय लिहावं यावरून २००५-०६ मध्ये मोठा वाद झाला होता आणि आपल्याकडच्या पालकांत त्याची चर्चा अजून निघते. लेक मात्र घरी आली ती वेगळंच घेऊन. मोहेंजोदडोच्या मुद्रांवरची अक्षरं कुणालाच का वाचता येत नाहीत? इजिप्तची लिपी शाम्पोलियॉन या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये उलगडली, कारण इजिप्तमध्येच मिळालेल्या रोझेटाच्या दगडावर तोच मजकूर ग्रीकमध्येही होता. सिंधू लिपीला असा जोडीदार अजून मिळालेला नाही. त्यात लेख इतके छोटे, की सरासरी पाचच चिन्हं भरतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मेसोपोटेमियातली एक मुद्रा आहे, शू-इलिशू नावाच्या माणसाची. तिच्यावर त्याची ओळख 'मेलुह्हाच्या भाषेचा दुभाष्या' अशी लिहिली आहे आणि मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ती भाषा जाणणारा एक माणूस आपल्याला नावानिशी माहीत आहे. लेक त्या माणसासाठी दोन दिवस हळहळत होती.

मग तिने आजोबांना फोन लावला. माझं माहेर श्रीरामपूरचं. त्याच तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे, हडप्पा संस्कृतीचे दक्षिणेकडचे धागे जिथे पोहोचले ते गाव. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल झाडाची मुळं खणत होते आणि त्यांना चार कांस्यमूर्ती मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ, त्यावर उभा माणूस. चारही मिळून ६० किलोंच्या वर वजन. बाबा रंगवून सांगत होते, लेक शेजारी वही घेऊन इंग्रजीत उतरवत होती. मधेच थांबली.

"आजोबा, तुम्ही पाहिलं का ते?"

"नाही गं, तेव्हा गावात बोलणं व्हायचं, ते ऐकलंय."

तिने वहीत 'ऐकीव' लिहिलं. बाबांना राग येईल म्हणून मी घाबरले, ते उलट खूश झाले.

पुढे तिने मला विचारलेला प्रश्न बरोबर त्याच जागी बोट ठेवणारा होता. मूर्ती हडप्पाकाळातल्याच, हे कशावरून? शोधलं तेव्हा कळलं, यावर अभ्यासकांतच मतभेद आहेत. म. के. ढवळीकरांसारखे अभ्यासक त्या हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या मानतात. धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण पाहून डी. पी. अगरवाल यांनी त्या पुष्कळ नंतरच्या असाव्यात असं म्हटलं. मूर्ती शास्त्रीय उत्खननात, मातीच्या ठरावीक थरात मिळाल्या असत्या तर थरावरूनच काळ सांगता आला असता. मुळं खणताना निघाल्या, त्यामुळे तो पुरावा हातचा गेला. यात खणणाऱ्याचा काहीच दोष नाही. पण एवढ्या सुंदर वस्तूचं वय सांगता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

तिने वर्गात दायमाबादवर दहा मिनिटं सांगितलं. शेवटच्या कागदावर 'माहिती: माझे आजोबा, दुभाषी: मी' असं होतं.

त्यानंतरच्या रविवारी बाबा सकाळीच स्कूटर काढून दायमाबादला जाऊन आले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: तळहातावर खापराचा एक लालसर तुकडा, त्यावर काळी रेघ. लेकीने फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन लावला.

"आजोबा, हे परत ठेवलंत ना?"

"होतं तिथंच ठेवलं. खाली काडीने खूणसुद्धा केली होती."