बंड्याची पुस्तिका

बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या आमच्या घरी आईच्या कपाटात एक प्लॅस्टिकची पिशवी आहे. गॅसचं पुस्तक, लाईटची बिलं, बाबांच्या शुगरचे रिपोर्ट आणि सगळ्यात खाली आमच्या कुत्र्याची, बंड्याची, लसीची पुस्तिका. बंड्याला जर्मनीला न्यायचं ठरलं तेव्हा ती पिशवी मी सतरंजीवर उलटी केली. तीन वर्षांत दोनच नोंदी. त्यातल्या एकीत लसीच्या बाटलीवरचं स्टिकरच नाही, नुसती तारीख आणि न वाचता येणारी सही.

"अगं, दिली होती की सगळी इंजेक्शनं," आई म्हणाली. दिली असतीलही, पण कागदावर काहीच नव्हतं.

भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा तर आधी कातडीखाली ओळखीची पंधरा अंकी मायक्रोचिप. मग रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली हे सांगायचं कशावरून? लसीनंतर निदान 30 दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. रेबीजविरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मिलिलीटरला 0.5 आंतरराष्ट्रीय युनिट तरी भरली पाहिजेत, आणि रक्त काढल्या दिवसापासून वर तीन महिने थांबायचं. मी लाइपझिगला एकटी आले. बंड्या पाच महिने आई-बाबांकडे राहिला, मग सुट्टी काढून मी त्याला घेऊन आले.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत विचारलं, "काही त्रास?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग छान, आज नीट बघता येईल." बडोद्यात आम्ही दवाखान्याची पायरी चढायचो ती कुत्र्याने खाणं सोडल्यावर. इथे धडधाकट कुत्र्याला वीस-पंचवीस मिनिटं तपासलं. त्यांनी बंड्याचा ओठ वर केला आणि माझं बोट धरून मागच्या दाढेवर फिरवलं. खरखरीत, पिवळा थर, हिरडीच्या कडेला लाल रेघ. रोज त्याला कुशीत घेणाऱ्या मला ती कधी दिसली नव्हती. वजन पंधराच्या जागी सतरा. दोन किलो ऐकायला थोडे वाटतात, पण पासष्ट किलोच्या माणसाच्या मानाने ते जवळजवळ नऊ किलो होतात. बाबांचे गाठिये, दुसरं काय! पुढच्या खेपेला तीन दिवसांची शी छोट्या डबीत घेऊन या म्हणाल्या, जंत आहेत का ते बघून औषध ठरवू. नुसत्या तपासणीचा दर इथल्या सरकारी दरपत्रकात कमीत कमी 23.62 युरो आहे, कर वेगळा. लस, औषध याचे पैसे निराळे. स्वस्त नाही, पण मला ते पटतं, आणि का पटतं ते टिपूमुळे.

मी नववीत असताना घरात टिपू आला, दीड महिन्याचं पिल्लू. एक इंजेक्शन झालं आणि आम्ही निर्धास्त झालो. सव्वातीन महिन्यांचा असताना एका सकाळी तो पाण्याच्या वाटीशी मान टाकून बसला. दुपारी उलट्या, रात्री रक्ताचे जुलाब. त्याचा तो वास मी अजून विसरले नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. पार्व्हो, कुत्र्यांच्या पिल्लांचा विषाणूचा आजार.

"लस दिली तरी कसा गेला?" हा प्रश्न बाबांनी कितीतरी वर्षं मनात ठेवला. उत्तर मला इथे मिळालं. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळतं, आणि ते अंगात असेपर्यंत लसही निकामी करतं. ते कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून साधारण दीड-दोन महिन्यांपासून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा असतो, त्यातला एक नेमका लागू पडावा म्हणून. शेवटचा चुकला की आधीचे सगळे वाया जाऊ शकतात. शिवाय पार्व्होचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि फिनाईलने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. टिपू गेल्यावर आम्ही घर फिनाईलनेच धुतलं होतं.

आता बडोद्याच्या घरी सोनी आहे, आठ महिन्यांची कुत्री. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा सगळे मगरींचे व्हिडिओ पाठवत होते. मला आता काळजी वाटते ती उंदरांची. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाच्या आजाराचे जंतू पाण्यात येतात आणि तो माणसालाही होतो, सुरत-वलसाडकडे दर पावसाळ्यात त्याचे रुग्ण निघतात. कुत्र्यांच्या सेव्हन-इन-वन या एकत्र इंजेक्शनात लेप्टोची लस असते, पण ती वर्षभरच पुरते. सोनीचा पुढचा डोस मी पावसाळ्याच्या आधीचाच ठरवून घेतलाय. आईला एवढंच बजावलं की लस फ्रीजमधून काढून तुझ्या समोर भरली पाहिजे, मेडिकलवाल्याने खिशातून आणलेली नको. ती 2 ते 8 अंशांतच टिकते.

शेजारच्या काकूंच्या मनीबद्दलही फोन झाला. सोनीचं गोचिडांचं औषध उरलं होतं, ते त्या मनीला लावणार होत्या. मी अक्षरशः ओरडले. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजरीला झटके येऊन ती दगावू शकते. काकू म्हणाल्या, "आमची मनी तर घराबाहेर जातच नाही, तिला लस तरी कशाला?" मांजरांचा पार्व्हो आपल्या चपलांवरून घरात येतो हे ऐकल्यावर गप्प झाल्या. संध्याकाळी त्यांनी दवाखान्याची वेळ विचारायला आईकडे निरोप धाडला.

काल आईने सोनीच्या पुस्तिकेचा फोटो पाठवला. स्टिकर जरा तिरकं, खाली पुढची तारीख बाबांच्या अक्षरात. पाठोपाठ मेसेज: "दात घासायला आपली पेस्ट चालेल का?" मी लगेच फोन लावला. आपली पेस्ट मुळीच नको, कुत्र्यांची वेगळी मिळते, आणि ती मिळेपर्यंत नुसतं ओलं मऊ फडकं बोटाला गुंडाळून मागच्या दाढांपासून सुरू कर.