आमची वाटचाल : दोन हजार पिलं, बेचाळीस सह्या आणि एक वही

दोन हजार पिलांची एक शेड आणि भाड्याचा टेम्पो, एवढ्यावर आमचा ब्रॉयलर फार्म सुरू झाला. आज तीन शेड आहेत, सात माणसं कामाला आहेत, शिवाय खताचा जोडधंदा आहे. भावातले चढउतार, एका उन्हाळ्यातली मरतुक, फसलेल्या बॅचा हे कोणताही पोल्ट्रीवाला सांगेल. मी तक्रारअर्जाबद्दल सांगतो.

शेड बांधली तेव्हा चहूबाजूंना मोकळा माळ होता. पुढे उताराच्या बाजूला घरं झाली आणि एक दिवस कार्यालयाचा कागद हातात पडला. सोबत ४२ रहिवाशांच्या सह्या. ‘संध्याकाळी खिडक्या उघडता येत नाहीत.’ आमचं उत्तर तयारच होतं : आम्ही आधी आलो, तुम्ही नंतर. बोलायला बरं वाटतं, वास काही त्याने कमी होत नाही.

आणि खरं सांगायचं तर आम्हाला वास येतच नव्हता. सतत त्याच हवेत वावरलं की नाक दखल घेणं सोडून देतं. तेव्हा तक्रार आम्हाला बनावच वाटली.

पाहणीला साहेब भर दुपारी आले. ऊन तापलेलं, हवा वर चढत होती, वारा खेळता. अशा वेळी वास पांगतो. ‘तीव्र दुर्गंधी आढळली नाही’ असा शेरा मिळाला. आम्ही खूश. रहिवासी मात्र आम्ही साहेबांचे हात ओले केले असं धरून चालले आणि त्यांनी पुन्हा अर्ज दिला.

दुसऱ्या पाहणीच्या आदल्या दिवशी आम्ही अक्कल चालवली. शेडभर गादीवर, म्हणजे पक्ष्यांखाली अंथरलेल्या तुसाच्या थरावर, चुना टाकला. चुना म्हणजे स्वच्छता, एवढंच डोक्यात. सकाळी पडदे उचलले तर डोळ्यांतून पाणी. साहेब नाकावरचा रुमाल काढायला तयार नाहीत. त्यांच्याबरोबर पशुवैद्यक मॅडम होत्या, त्या हसल्याच. विष्ठेतलं युरिक आम्ल ओल्या गादीत जिवाणू फोडतात आणि अमोनिया तयार होतो. गादीचा सामू (आम्ल-अल्क मोजण्याचा आकडा, pH) ७ च्या वर चढत गेला की तो वायू होऊन सुटत राहतो. चुन्याने सामू वाढतो. म्हणजे बसलेला अमोनिया आम्हीच उठवून दिला होता.

‘मूठभर गादी घ्या आणि दाबा,’ त्या म्हणाल्या. मी मूठ उघडली. गोळा लाडवासारखा घट्ट. चांगल्या गादीचा गोळा जेमतेम धरतो आणि बोट लागलं की फुटतो. अजिबात धरला नाही तर धूळ उडते, तेही वाईट. ओलावा साधारण २० ते २५ टक्के हवा. आमच्याकडे पाण्याच्या लाइनीखाली चक्क ढेपा जमल्या होत्या. निपल, म्हणजे लाइनीला लावलेल्या पाणी पिण्याच्या तोट्या, इतके खाली की पक्षी मान वाकडी करून पीत आणि पाणी तुसात सांडे. लाइन वर घेतली, ढेपा काढल्या, कोरडं तूस भरलं. पक्ष्यांची घरघर कमी झाली ती त्यानंतर. हवेत दशलक्ष भागांत २५ भागांच्या वर अमोनिया गेला की पक्ष्यांचे डोळे, श्वास आणि वजन सगळंच बिघडतं. तोटा आमचाच चालला होता.

मग सहीवाल्यांपैकी एका आजोबांकडे वही नेऊन दिली. वास आला की वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा, म्हटलं. आधी त्यांना ती चाल वाटली. पण लिहिलं, आणि काटेकोर लिहिलं. दोन महिन्यांत जवळपास सगळ्या नोंदी सूर्यास्तानंतरच्या किंवा पहाटेच्या, वारा पडलेला असतानाच्या. जमीन थंड झाली की तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, वरच्या हवेत मिसळत नाही आणि उतारावरून सरकत खाली जाते. खाली घरं. आता शेड रिकामी करायची ती सकाळी ११ ते ३ मध्येच, तेही खांबावरचं फडकं पाहून.

तीन नोंदी मात्र यात बसेनात. शोधत गेलो तर त्या मेलेल्या पक्ष्यांच्या उघड्या खड्ड्याच्या निघाल्या. ते सांगताना मान खाली गेली.

खताचा ढीगही पावसात भिजायचा. आत हवा न मिळता कुजलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो. आम्ही छप्पर टाकलं, लाकडाचा भुसा मिसळून कर्ब-नत्राचं (कार्बन आणि नायट्रोजनचं) प्रमाण २५-३० ला १ च्या आसपास आणलं, आत ५५ अंशांच्या वर उष्णता धरली. ढीग परतताना वास येतोच, तो टळत नाही. दोन दिवस आधी आजोबांना कळवतो, इतकंच. हेच खत आता पोत्यांतून जातं.

सगळी घरं निवळली असं नाही. दोन कुटुंबं अजून बोलत नाहीत. वही मात्र चालू आहे, सध्या तिसरी. परवाची नोंद : ‘रात्री ९, वारा नाही, थोडा उग्र.’ दुसऱ्या शेडमध्ये टॉर्च घेऊन गेलो, तर कोपऱ्यातला एक निपल ठिबकत होता.