बिझनेस ॲज युज्वल, म्हणजे नक्की काय चाललंय?

आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक सलून आहे, कुर्दिश माणूस चालवतो, इथे इंग्लंडात लीड्समध्ये अशी सलूनं पावलोपावली आहेत. गेल्या फेब्रुवारीत त्या बिल्डिंगच्या छपराचं काम निघालं आणि समोरून वरपर्यंत परांची बांधली, पाईप, फळ्या, वर हिरवी जाळी, म्हणजे दुकान आहे की नाही हेच कळेना. दोन दिवसांनी त्या परांचीवर भला मोठा फ्लेक्स लागला, लाल अक्षरात इंग्रजीत 'बिझनेस ॲज युज्वल', म्हणजे धंदा नेहमीसारखा चालू, आणि खाली दाराकडे दाखवणारा बाण. मी वाकून आत गेलो तर डोक्यावर ड्रिल चालू, आरशाच्या फळीवरच्या बाटल्या थरथरतायत, त्याने ओरडून विचारलं बाजूला किती नंबर मारू, मी दोन बोटं दाखवली, आणि ती दाखवली पालथ्या हाताने, जी इथे चक्क शिवी आहे. सात वर्षं झाली इथे येऊन तरी हात ऐकत नाही. नशीब तोही बाहेरचाच, त्याने निमूट दोन नंबर लावला.

तर सांगायचा मुद्दा, त्या दुकानात त्या दिवशी 'युज्वल' असं काहीच नव्हतं. आणि या वाक्याची गंमत तीच आहे. जिथे खरंच सगळं नेहमीसारखं चालू असतं तिथे कोणी ही पाटी लावत नाही, ती लागते काहीतरी बिघडलं की. आमच्या नाशकात अशोकस्तंभाकडचा रस्ता खोदून ठेवला होता तेव्हा एका दुकानदाराने खडूने लिहिलं होतं, 'दुकान चालू आहे, फळीवरून या'. हे सेम तेच. फक्त आपला माणूस फळी कुठे आहे ते पण सांगतो.

मला हे शब्द पहिल्यांदा भेटले ते ऑफिसात, आणि ते पण अर्धवट. पहिल्या दिवशी मॅनेजर म्हणाली, तू बीएयूमध्ये आहेस, आणि मी मान डोलावली. दोन आठवडे मला वाटत होतं बीएयू हे क्लायंटचं नाव आहे. घरी बायकोला सांगितलं बीएयू टीम मिळालीये, तिने आईला सांगितलं, आईने सोसायटीत सांगितलं की मुलगा बीएयूला लागला, कोणीतरी म्हणालं हो हो मोठी कंपनी आहे. मग एकदा मीटिंगमध्ये कोणीतरी पूर्ण नाव घेतलं, बिझनेस ॲज युज्वल, आणि माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली की अरे, म्हणजे आपण रोजचं काम करणारे!

आयटीवाल्यांना हे माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. इथल्या ऑफिसात कामाचे दोन वर्ण असतात, एक प्रोजेक्ट आणि एक बीएयू. प्रोजेक्ट म्हणजे नवी सिस्टीम आणायची, त्याला बजेट, त्याला डेडलाइन, गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीम चालू होण्याच्या, दिवशी केक, मोठ्या साहेबाचं भाषण. नंतर काही आठवडे प्रोजेक्टवाले जातीने लक्ष ठेवतात, आणि मग एक दिवस मेल येतो की आता हे बीएयूकडे हँडओव्हर. म्हणजे सरळ भाषेत, लग्न झालं, मांडव काढला, वऱ्हाड गेलं, आता भांडी तुम्ही घासा. रात्री दोनला सर्व्हर झोपला की फोन बीएयूवाल्याला. सिस्टीम वर्षभर नीट चालली तर कोणी केक आणत नाही, कारण ती चालणारच होती ना, युज्वल आहे.

आणि आता तो शब्द इथे पाहिजे तसा वाकवतात. हे बीएयू आहे म्हणजे जादा पैसे मिळणार नाहीत. त्याला बीएयूत टाका म्हणजे आता याचं कोणाला पडलेलं नाही. एक जण तर सुट्टीवरून आल्यावर म्हणाला, तीन दिवस मजा केली, आता घरी पण बीएयू. मी विचारलं म्हणजे काय, म्हणे पोरांचे डबे.

हे वाक्य एवढं कुठून आलं म्हणून मी जरा खणलं. शब्द जुनेच आहेत, पण ब्रिटनभर झाले ते १९१४ साली. पहिलं महायुद्ध सुरू झालं, लोक घाबरून सामान भरायला लागले, व्यापाऱ्यांना वाटलं आता धंदा बसणार, तेव्हा हे वाक्य घोषणेसारखं वापरलं गेलं की युद्ध सैन्य बघून घेईल, तुम्ही दुकानं चालू ठेवा. ९ नोव्हेंबर १९१४ ला लंडनच्या गिल्डहॉलमधल्या मेजवानीत चर्चिलने, तेव्हा तो आरमाराचा मंत्री होता, सांगून टाकलं की बिझनेस ॲज युज्वल हेच ब्रिटिश जनतेचं ब्रीद आहे. पुढे काय झालं, तर १९१५ च्या मे महिन्यात तोफगोळे कमी पडतायत म्हणून एवढा गोंधळ झाला की त्यासाठी वेगळं मंत्रालय काढावं लागलं, आणि १९१६ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. म्हणजे ज्या युद्धासाठी घोषणा दिली त्याच युद्धाने ती खोटी पाडली, पण घोषणा मात्र टिकली. आपल्याकडेही अशा बऱ्याच आहेत, नावं घेत नाही.

दुसऱ्या महायुद्धात मात्र तिला खरं तेज चढलं. ७ सप्टेंबर १९४० पासून पुढचे जवळपास दोन महिने लंडनवर जवळजवळ रोज रात्री बॉम्ब पडले. काचा फुटलेल्या दुकानांवर सकाळी पाट्या, बिझनेस ॲज युज्वल. आणि ज्यांची पुढची अख्खी भिंतच उडाली होती अशांनी लिहिलं की आम्ही नेहमीपेक्षा जास्त ओपन आहोत. हा विनोद मला मनापासून आवडतो. रडायचं ते रात्री तळघरात, सकाळी झाडू मारून पाटी.

बाय द वे, तो कॉफीचा मग असतो ना, मुकुटाखाली 'कीप काम अँड कॅरी ऑन', म्हणजे 'शांत राहा आणि चालू ठेवा' लिहिलेला, जो प्रत्येक एनआरआयने एकदा तरी भारतात गिफ्ट म्हणून नेलाय, तो याचाच चुलतभाऊ, पण त्याची कथा फसवी आहे. ते पोस्टर १९३९ साली छापलं, जवळपास २५ लाख प्रती, आणि युद्धात ते जवळजवळ कुठे लावलंच नाही, बहुतेक लगद्यात गेलं. २००० साली ॲनिक (Alnwick) गावात जुन्या रेल्वे स्टेशनात असलेल्या सेकंडहँड पुस्तकांच्या दुकानात एक प्रत खोक्याच्या तळाशी सापडली आणि मग मग आले, टॉवेल आले, सगळं आलं. तेव्हा आजोबांनी ते पोस्टर बघून धीर धरला वगैरे कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

लीड्सचाही एक किस्सा आहे. १९४१ च्या मार्चमध्ये १४-१५ तारखेच्या रात्री इथे बॉम्ब पडले, त्यात पार्क रो या रस्त्यावरच्या म्युझियमलाही तडाखा बसला. आत इजिप्तच्या तीन ममी होत्या. दोन गेल्या. तिसरा, नेस्यामुन, कर्नाकच्या देवळातला पुजारी, तीन हजार वर्षं जुना, तो बिचारा वाचला. आजही सिटी म्युझियममध्ये पडून आहे. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या घशाचं स्कॅन करून थ्रीडी प्रिंट केला आणि त्यातून एक आवाज काढला, एकच स्वर, ए आणि अॅ च्या मधला काहीतरी. माझ्या मुलीने तो ऐकला आणि म्हणाली, बाबा हा तर सकाळी उठवल्यावर तुम्ही काढता तसा आवाज आहे. माणूस इजिप्तहून आला, बॉम्ब खाल्ला, आणि शाळेच्या सहलींना तोंड देत अजून ड्युटीवर आहे. याच्याइतका बीएयू माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता जरा वेगळं. ७ जुलै २००५ ला लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आणि ३० नंबरच्या बसमध्ये स्फोट झाले, ५२ लोक गेले, आणि त्याचा विषय निघाला की इथले लोक अजून अभिमानाने सांगतात की दुसऱ्या दिवशी लंडन कामावर होतं. लंच टेबलवर हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, हो, आमच्याकडेही असंच म्हणतात, आणि मग मी गप्प झालो. कारण ११ जुलै २००६ ला मी मुंबईत होतो. बोरिवलीत तीन जणांच्या खोलीत राहायचो, नोकरी लागून चार महिने झाले होते. संध्याकाळी ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या चालू होत्या आणि मी पण गाडीत होतो. डब्यात कोणी बोलत नव्हतं, रॅकवर एक बॅग होती ती कोणाची म्हणून एकाने विचारलं, दोन सेकंद कोणी उत्तर दिलं नाही, मग दाराजवळून एक जण म्हणाला माझी आहे, आणि सगळ्या डब्याने श्वास सोडला. तो माणूस उगाचच सॉरी म्हणाला.

रात्री टीव्हीवर आमचं कौतुक, मुंबई स्पिरिट. त्याच्या आदल्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही तेच स्पिरिट. अरे बाबा, मी ट्रेनी होतो, एक दिवसाचा पगार कापला असता तर मेसचे पैसे कमी पडले असते, म्हणून मी गाडीत होतो. स्पिरिट बिरिट काही नव्हतं. त्या लंच टेबलवर एक वयस्क बाई होती, लंडनचीच, अकाउंट्समध्ये होती, ती हळूच म्हणाली, मी पण स्फोटांच्या दुसऱ्या दिवशी चालत गेले होते ऑफिसला, सगळे म्हणाले किती धीराची, खरं म्हणजे सुट्टी शिल्लक नव्हती. आम्ही दोघं हसलो, बाकीच्यांना कळलं नाही का हसतोय.

म्हणून माझं मत असं झालंय की हे वाक्य कोण कोणाबद्दल बोलतंय ते आधी बघायचं. न्हावी स्वतःच्या दुकानाबद्दल बोलतो तेव्हा मी सलाम ठोकतो. साहेब दुसऱ्याबद्दल बोलतो तेव्हा जपून. मागच्या एका नोकरीत (नाव नको) एका मंगळवारी आमच्या फ्लोअरवरून सहा जणांना काढलं, दुपारी दोनला मेल आला, बाकीच्यांसाठी बिझनेस ॲज युज्वल. त्यातला एक माझ्या शेजारी बसायचा, त्याच्या डेस्कवर त्याच्या मुलाने काढलेलं डायनोसॉरचं चित्र तसंच चिकटवलेलं होतं, मी ते काढून पाकिटात घालून त्याला पोस्टाने पाठवलं. मेलला सगळ्यांनी अंगठे दिले होते. मी पण दिला, हे पण सांगतो.

इथल्या बातम्यांमध्ये मात्र हे वाक्य हल्ली जास्त करून टोमण्यासाठीच येतं. चौकशी समिती बसली, अहवाल आला, आणि परत बिझनेस ॲज युज्वल. इथे मराठीत दुकान चालू आहे म्हणून भागणार नाही, इथे 'पहिले पाढे पंचावन्न' किंवा 'येरे माझ्या मागल्या' लागतं. हवामानवाल्यांनी तर याला पारच भयानक करून टाकलंय. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, तिच्या १९९० च्या पहिल्या अहवालात एका अंदाजाचं नावच बिझनेस ॲज युज्वल होतं, म्हणजे कोणी काही केलंच नाही, चाललंय तसं चालू राहिलं तर तापमान किती चढेल. ज्या शब्दांनी १९४० साली धीर आला त्याच शब्दांची आता भीती घालतात, आणि शब्द एकाही अक्षराने बदललेले नाहीत.

परवा आईला फोनवर हे सगळं सांगत होतो. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग याला मराठीत काय म्हणतात? मी म्हटलं तसा एक शब्द नाही गं, संदर्भ बघावा लागतो. मग मी विचारलं बाबांचा गुडघा कसा आहे, ऑपरेशनला तीन आठवडे झालेत. म्हणाली, चाललंय. आता हे चाललंय म्हणजे बरं आहे, की दुखतंय पण सांगायचं नाही, की मागून बाबा ऐकतायत, ते काही मला कळलं नाही, म्हणून व्हिडिओ कॉल केला तर बाबा कपाटाला धरून उभे, वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेला.

सलूनची परांची एप्रिलमध्ये उतरली. फ्लेक्स मात्र त्याने आत, आरशाच्या वर लावलाय, बाण अजून दाराकडेच, म्हणजे आता तो लोकांना बाहेरची वाट दाखवतोय. मी विचारलं, काढत का नाहीस आता? म्हणाला, पैसे भरलेत त्याचे. आणि पुढच्या महिन्यात गटाराचं काम आहे.