एका व्हायोलिनवरच्या चार तऱ्हा

बाईंनी आणलेलं व्हायोलिन त्यांच्या आजोबांचं. ते गेल्यावर पेटी उघडलीच नव्हती. काम नेहमीचं होतं: खुंट्या सैल करायच्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी तपासायची, नव्या तारा चढवायच्या. पण जुन्या तारांकडे नजर गेली आणि मी भिंग काढलं. व्हायोलिनच्या चार तारा, सगळ्यांत उंच स्वराच्या ई पासून सगळ्यांत खालच्या जी पर्यंत: ई पोलादाची, ए नुसत्या आतड्याची, डी आतड्यावर ॲल्युमिनियम गुंडाळलेली, जी आतड्यावर चांदी गुंडाळलेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा संच लावत, हे ऐकून होतो. अख्खा हातात पहिल्यांदाच आला.

"मिळेल ती तार लावत असतील ना?" बाईंनी विचारलं.

नाही, प्रत्येकीला कारण आहे. ए सगळ्यांत जुन्या पद्धतीची. मेंढीचं आतडं धुऊन, खरवडून, ओलं असतानाच पीळ द्यायचा आणि ताणून वाळवायचं. (इंग्रजीत याला 'कॅटगट' म्हणतात, पण मांजराचा यात काही संबंध नाही, हेही सांगून टाकलं.) जी तशीच केली तर खालच्या स्वरासाठी इतकी जाड होते की नीट थरथरतच नाही, आवाज घुसमटतो. आतड्यावर धातूची बारीक तार गुंडाळली की वजन वाढतं, लवचीकपणा टिकतो. इंग्लंडात जॉन प्लेफर्डने 1664 मध्ये छापलेल्या पुस्तकात अशा तारांचा उल्लेख आहे. माझ्या मते व्हायोलिनला यापेक्षा मोठी देणगी कुणी दिली नाही. वाद्य घडवणाऱ्यांचं नाव होतं, तार वळणाऱ्यांना कोण विचारतो!

आतड्याची ई मात्र फार तुटायची. पहिल्या महायुद्धात आतड्याची टंचाई झाली आणि पोलादाने जी जागा घेतली ती सोडलीच नाही. दुसऱ्या महायुद्धात गिटारवालेही अडले, कारण आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांना लागत होतं. तारा बनवणारा आल्बर्ट ऑगस्टीन आणि गिटारवादक आंद्रेस सेगोविया यांनी नायलॉनची वाट धरली ती तेव्हाच.

बाईंना शिक्षकांनी कृत्रिम धाग्याचा संच सांगितला होता. 1970 मध्ये 'डॉमिनंट' तारा आल्यापासून बहुतेकांची पसंती त्यालाच. तो चढवला. मग हौस म्हणून फक्त ए आतड्याची लावून गज फिरवला. आवाज किंचित खरखरीत, पण भरदार. तेवढ्यात तार स्वरातून उतरली. पुन्हा स्वरात लावली, पुन्हा उतरली.

"आजोबा सारखे खुंट्या पिळत बसायचे, ते यामुळे होय!" बाई हसल्या.

बाकीचा संच नवाच राहिला. ए त्यांनी काढू दिली नाही.